पत्ता लिहिलेलं दूध

२ मिलिलिटर. सिरिंजमध्ये ओढलं तर करंगळीच्या पेराएवढं. रंग आंबेहळदीसारखा पिवळा, बोटाला लागलं तर चिकट. लेकीनं पाऊण तास बसून हातानं पिळून काढलं आणि माझ्याकडे देताना म्हणाली, "आई, एवढंच आलं गं." जणू तिची काही चूक झाली होती.

नात बत्तिसाव्या आठवड्यात आली, दीड किलोची. ती वर काचेच्या पेटीत, ही खाली वॉर्डात, मधे दोन जिने. एकतीस वर्षं मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर प्रतिपिंडाचा इंग्रजी वाय किती वेळा काढला असेल. तरी ती सिरिंज घेऊन जिना चढताना हात कापत होता. रात्री ही वही काढली. जे ठाऊक आहे ते लिहून ठेवते, लेकीला वाचून दाखवता येईल.

*

"एवढंच" म्हणजे किती, ते आधी.

पहिल्या दिवसांच्या चिकात आयजीए हे प्रतिपिंड लिटरमागे १० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त असतात. काही आठवड्यांनी दूध पांढरं होतं, भरपूर येतं, तेव्हा तेच प्रमाण लिटरमागे १ ग्रॅमच्या आसपास उतरतं. म्हणजे तिच्या त्या २ मिलिलिटरमध्ये पुढच्या २० मिलिलिटरइतके पहारेकरी होते. शिवाय दर मिलिलिटरला लाखो जिवंत संरक्षक पेशी. १८३७ साली आलेक्सांद्र दोने या फ्रेंच डॉक्टरानं चिकाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याला कणीदार गोळे दिसले होते. दुधातली चरबी गिळून फुगलेल्या त्या पांढऱ्या पेशी होत्या, हे पुढे कळलं.

पूर्ण दिवसांच्या बाळालाही पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक पुरतो. 

*

सिस्टरनी त्यातले पहिले थेंब नळीतून दिलेच नाहीत. कापसाच्या बोळ्यानं गालाच्या आतल्या बाजूला लावले, डावीकडे दोन, उजवीकडे दोन. जे बाळ चोखू शकत नाही त्याच्या तोंडाच्या अस्तरालाही चीक भेटला पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. नातीनं जीभ हलवली. मी काचेबाहेरून पाहिलं.

*

माझं माहेर साताऱ्याकडचं. गाय व्याली की आजीचा नियम एकच: आधी वासराच्या पोटात, मग आपल्या ताटात. पहिल्या दिवसाचा चीक इतका घट्ट की त्यात बरोबरीनं दूध घालावं लागे. गूळ, वेलदोडा, आणि मोदकपात्रात वाफवायचं. ना विरजण, ना कसलं पीठ, तरी खरवस थिजतो. साधं दूध कितीही वाफवलं तरी थिजत नाही.

कारण चिकातली प्रथिनं. साध्या दुधात ती तीन-साडेतीन टक्के, गाईच्या पहिल्या चिकात चौदा टक्क्यांच्या आसपास. त्यांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचा. उष्णता लागली की ती प्रथिनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि वडी धरते. आपण सुरीनं कापतो ते खरं म्हणजे वासराचं कवच असतं. गाईच्या वारेतून प्रतिपिंड पलीकडे जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ते जवळजवळ नसतातच. त्याच्या आतड्याचं दार पहिला एक दिवस उघडं असतं. त्या वेळात चीक पोटात गेला तर प्रतिपिंड आख्खेच्या आख्खे रक्तात उतरतात. मग दार मिटतं. आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण नियम तिनं अचूक धरला होता.

माणसाचं गणित निराळं, आणि इथं विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ व्हायचा. आपल्याकडे रक्तातले प्रतिपिंड, आयजीजी, वारेतूनच बाळाकडे जातात, आणि जास्त करून शेवटच्या तीन महिन्यांत. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ते आईच्या बरोबरीनं असतात, कधी थोडे जास्तही. दुधातले आयजीए मात्र बाळाच्या रक्तात फारसे जात नाहीत. ते तोंडात, घशात, आतड्यात राहतात आणि तिथंच काम करतात. वासराचा चीक रक्तात जातो, आपला चीक उंबऱ्यावर पहारा देतो.

नातीची वारेतली शिदोरी निम्मीच आली, कारण शेवटचे आठवडे तिला मिळालेच नाहीत. म्हणून उंबऱ्यावरचा पहारा तिला दुप्पट हवा.

*

गुंज आणि एरंड. एकीच्या बिया सोनार सोनं तोलायला वापरायचे, दुसऱ्याचं तेल घराघरात. दोन्हींच्या बियांत भयंकर विष असतं: गुंजेत अब्रिन, एरंडात रायसिन. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं १८९२ साली हीच दोन विषं उंदरांना अगदी थोडी थोडी देऊन त्यांना विषाला सरावलं. मग पाहिलं, ही ताकद पिल्लांत उतरते का. नर सरावलेला आणि मादी साधी असेल तर पिल्लांत काही नाही. मादी सरावलेली असेल तर पिल्लं काही काळ सुरक्षित.

मग त्यानं पिल्लांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिल्लं सरावलेल्या मादीच्या अंगावर लावली. तीही वाचू लागली. गर्भातून मिळतं ते एक, आणि दुधातून मिळतं ते आणखी एक, हे तेव्हा पहिल्यांदा वेगळं करून दाखवलं गेलं. एर्लिखला १९०८ चं नोबेल मिळालं, रोगप्रतिकारशास्त्रातल्या कामासाठी, मेचनिकॉफच्या जोडीनं. पण मला त्याचं मोठेपण या दूध-अदलाबदलीत दिसतं. किती साधा प्रश्न होता.

*

दुपारी लेक विचारत होती, "हे बनतं कुठं? छातीत?"

नाही. सुरुवात तुझ्या आतड्यात होते.

लहान आतड्याच्या अस्तरात पेयरचे पट्टे म्हणून जागोजाग चौक्या आहेत. खाल्ल्या-प्यालेल्यातून जे जंतू येतात त्यांची तपासणी तिथं चालते. एखादा जंतू ओळखायला शिकलेल्या पेशी तिथून निघतात, लसिकेतून रक्तात येतात, अंगभर हिंडतात. गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर स्तनग्रंथी एक रासायनिक खूण सोडते. ती ओळखून यातल्या कित्येक पेशी तिथं मुक्कामाला उतरतात. श्वासमार्गाकडूनही काही येतात. मुक्कामी बसून त्या आयजीए तयार करतात, दोन वाय शेपटीला शेपटी जोडून. ग्रंथीच्या पेशी ही जोडी आपल्यातून आरपार नेतात आणि दुधात सोडताना वाहणाऱ्या प्रथिनाचा एक तुकडा तिच्याभोवती गुंडाळलेलाच राहतो. तो तुकडा म्हणजे चिलखत. पाचकरसांत साधं प्रथिन चिरून जातं, हे टिकतं. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीतसुद्धा ते शाबूत सापडतं.

पूर्वी समज असा होता की आईच्या रक्तातलेच प्रतिपिंड दुधात पाझरत असतील. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या लार्श हान्सन यांनी १९६१ मध्ये दाखवलं की दुधातला मुख्य प्रतिपिंड रक्तातल्यापेक्षा वेगळ्याच घडणीचा आहे.

याचा अर्थ मी तिला असा सांगितला. तू इचलकरंजीत राहतेस. तुझ्या नळाचं पाणी, तुझी मंडई, कोपऱ्यावरची भेळ, जावयाच्या चपलांबरोबर घरात येणारी धूळ, या सगळ्यातले जंतू तुझ्या आतड्यानं पाहून ठेवलेत. बाळाला घरी गेल्यावर गाठायचे ते हेच. तुझ्या दुधावर तुझ्या घराचा पत्ता लिहिलेला आहे. डब्यातली पावडर कुठल्या गावात उघडली जाणार आहे, हे ती बनवणाऱ्याला कधीच कळत नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी दिवस गेल्यावरही पाणीपुरी खाल्ली होती, आई." एरवी मी रागावले असते.

*

सिस्टर तिला दिवसातून दोनदा वर बोलावतात. हात कोपरापर्यंत धुवायचे, बाळाला उघड्या छातीशी घ्यायचं, तासभर. ऊब मिळते, बाळाचा श्वास स्थिर राहतो, दूधही उतरतं. आणखी एक विचार त्यात आहे: वरच्या खोलीतले जंतू घरच्यापेक्षा वेगळे. आई तिथं बसली, त्या हवेत श्वास घेतला, बाळाला हुंगलं, की तिच्या शरीराची त्यांच्याशी ओळख होते. नवा पत्ता दुधात लिहिला जाण्याची वाट उघडते.

*

मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आता. हे दूध लढाई करत नाही.

रक्तातल्या प्रतिपिंडाला जंतू सापडला की तो हाकाटी करतो. पूरक प्रथिनं धावतात, पांढऱ्या पेशी येतात, सूज, लाली, ताप. बोटाला काटा लागला तर हे चालतं. पण आतड्याचं अस्तर एका पेशीएवढं जाड. त्यावर रोज कोट्यवधी नवे जंतू उतरत असताना प्रत्येकाशी अशी लढाई झाली तर अस्तरच उरणार नाही. आयजीए ओरडत नाही. तो जंतूला वेढतो, त्याचे चिकटायचे हात झाकतो आणि शीतून बाहेर जाऊ देतो.

१९८३ मध्ये बांगलादेशातल्या अभ्यासात हे फार स्वच्छ दिसलं. पटकीचा रोगी असलेल्या घरांतली अंगावर पिणारी मुलं आणि त्यांच्या आयांचं दूध तपासलं. ज्यांच्या आईच्या दुधात पटकीविरुद्धचे प्रतिपिंड जास्त, त्या मुलांनाही जंतूची लागण होत होती. पण ती आजारी पडत नव्हती. जंतू आला, राहिला, त्रास न देता गेला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ज्याची धास्ती असते तो आजार म्हणजे आतड्याचा भयंकर दाह. अस्तर मरतं, कधी कधी आतड्याला भोक पडतं. डॉक्टर त्याचं नाव घेताना आवाज खाली करतात. इंग्लंडमधल्या ल्युकास आणि कोल यांनी १९९० मध्ये ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पाहणी छापली. फक्त पावडरीच्या दुधावरच्या बाळांत हा आजार फक्त आईच्या किंवा दुसऱ्या बाईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहापट जास्त आढळला. हा आकडा मी लेकीला वाचून दाखवणार नाही. तिला भीती घालून दूध वाढत नाही.

*

विहीणबाई आल्या. सोन्याचं वळं, वेखंड, हळकुंड, मधाची बाटली आणि सहाण, सगळं नीट रुमालात बांधून. "चाटण कधी लावायचं, ताई?"

त्यांचं प्रेम त्या गाठोड्यात होतं. मी म्हटलं, वळं बाळाच्या उशाशी ठेवू. मध मात्र वर्षभर नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष सोडतात. बाळ लुळं पडतं. आणि सहाणेवर उगाळलेलं काहीही आत्ता त्या आतड्याला नको.

त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्यात पहिलं दूध जड म्हणायचे. माझ्या पहिल्याच्या वेळी तीन दिवस मी ते तुळशीच्या मुळाशी पिळलं. त्याला शेळीचं दूध कापसाच्या वातीनं पाजलं."

त्यांचा पहिला मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला, हे मला लेकीनं पूर्वी सांगितलं होतं. कशानं गेला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, आणि मी त्यावर एक शब्दही बोलले नाही. त्यांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं त्यांनीच सिरिंज उचलली आणि म्हणाल्या, "आज वर मी नेते."

*

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: देशात जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेतलेली मुलं ४१.८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळांना पहिल्या तासात आईचं दूध मिळतच नाही. दवाखान्यात बाळंतपणं वाढली, तरी हा तास हातून निसटतो. शिजर झालेल्या बाईला तर अनेकदा पहिला दिवसच निसटतो. हे टाळता येतं. माणूसबळ लागतं, शेजारी बसून बाळ नीट लावून देणारी एक बाई लागते, बस.

*

दुधातल्या साखरेबद्दल लिहायचं राहिलं होतं.

आईच्या दुधात दुग्धशर्करा आणि चरबी यांच्यानंतर सगळ्यात जास्त असतो तो एका खास प्रकारच्या शर्करांचा गट. शर्करेचे मणी ओवून केलेल्या लहान लहान माळा. दीडशेहून अधिक प्रकार सापडलेत. लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, चिकात आणखी जास्त. गाईच्या दुधात नावापुरत्या. आणि नवल हे की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. आई आपल्या हाडामांसातून शक्ती खर्चून बाळाच्या उपयोगी न पडणारी साखर का बनवेल?

ती बाळासाठी नाहीच. ती बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जंतूंसाठी आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या आन्री तिस्ये यांनी १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत हे दोन फाट्यांचे जंतू पाहिले. अर्ध्या शतकानंतर पाउल ग्यॉर्गी यांनी दाखवलं की आईच्या दुधातलं काहीतरी त्यांना वाढवतं, आणि ते 'काहीतरी' म्हणजे याच माळा. हे जंतू त्या खातात आणि आम्ल सोडतात. आतडं आंबट होतं, घातक जंतूंना ते मानवत नाही. अंगावरच्या बाळाच्या पिवळ्या शीला जो आंबूस वास येतो तो याचाच. दुपटी धुताना आपल्या आयांना तो वास नेहमीचाच होता.

माळांचं दुसरं काम चकवा देण्याचं. जंतू आतड्याच्या पेशीवर उगाच चिकटत नाहीत. पेशीच्या बाहेर शर्करेच्या ज्या खुणा असतात त्यांना ते धरतात. दुधातल्या माळा अगदी त्याच खुणांसारख्या. जंतू माळेला धरतो आणि अस्तराऐवजी माळेसकट वाहून जातो. २००४ मध्ये मेक्सिको सिटीतल्या आया-बाळांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या दुधात अशी एक ठरावीक माळ जास्त, त्यांच्या बाळांना कॅम्पिलोबॅक्टर या जंतूचे जुलाब कमी.

ही माळ सगळ्या बायांच्या दुधात नसते. ती ओवणारं विकर ज्या जनुकातून येतं ते साधारण पाचातल्या एका बाईत काम करत नाही. तिच्या दुधात दुसऱ्या माळा असतात. म्हणजे एकाच गल्लीतल्या चार आयांच्या दुधात चार नक्षी. मला यात मोठं शहाणपण दिसतं: एका जंतूला साऱ्या वस्तीची नक्कल एकदम करता येत नाही.

परवा औषधांच्या दुकानात दुकानदार पावडरीचा डबा दाखवत म्हणाला, "मॅडम, यात आता आईच्या दुधातली साखर आहे." आहे, खरं आहे. जंतूंकडून बनवून घेतलेली एक-दोन प्रकारची माळ त्यात घालतात. दीडशेहून अधिकांतली. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं तान्ह्याच्या पावडरीची जाहिरात करायला बंदी आहे. दुकानदारानं ती माझ्या तोंडावर केली, आणि मी त्याला कायदा सांगितला. आवाज चढला माझा, पण पश्चात्ताप नाही.

*

लॅक्टोफेरिन: लोह धरून ठेवणारं प्रथिन, शुद्ध केलं की गुलाबी-लाल दिसतं. जंतूला वाढायला लोह लागतं. हे ते आधीच उचलून घेतं, जंतू उपाशी.

मग शास्त्रज्ञांना वाटलं, हेच काढून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना द्यावं. ब्रिटनमध्ये २,२०३ बाळांवर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निष्कर्ष आला. गाईच्या दुधातलं लॅक्टोफेरिन दिलेल्यांत संसर्ग २९ टक्के, न दिलेल्यांत ३१ टक्के. म्हणण्यासारखा फरक नाही. मला ही अपयशाची बातमी वाटत नाही. दुधातून एक मणी उचलून घेतला तर माळ होत नाही.

*

लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंगनं पेनिसिलिनच्या आधी शोधलेलं, १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेलं. शेंबूड, अश्रू, अंड्याचा पांढरा बलक, सगळ्यांत असतं. जंतूची भिंत कापणारं विकर. गाईच्या दुधात जवळपास नाही, आईच्या दुधात भरपूर. बाळ जसं मोठं होतं, रांगायला लागून जे दिसेल ते तोंडात घालतं, तेव्हा बाकीचं बरंचसं उतरलेलं असताना हे वाढतं.

*

तिसऱ्या रात्री लेकीला ताप भरला, दूध आटलं. सिस्टर म्हणाल्या, आज दूधपेढीतलं देऊ, सही करा. बाटलीवर फक्त क्रमांक आणि तारीख. कुणा बाईचं असेल? तिचं बाळ तिच्या मांडीवर असेल, पोट भरून झोपलेलं, आणि उरलेलं तिनं माझ्या नातीसाठी काढून ठेवलं असेल. सही करताना मला अक्षरं दिसेनाशी झाली.

युरोपात पहिली दूधपेढी १९०९ मध्ये व्हिएन्नात थिओडोर एशरिख यांनी काढली. आशियातली पहिली आपल्या मुंबईत, शीव रुग्णालयात, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं. महापालिकेचं रुग्णालय, धारावीला लागून. तिथं जन्मणाऱ्या कमी वजनाच्या बाळांना पावडर परवडणारी नव्हती आणि मानवणारीही नव्हती.

पेढीत दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवतात. त्यात जंतू मरतात, विषाणू मरतात, जिवंत पेशीही मरतात. लॅक्टोफेरिन निम्म्याहून जास्त जातं. आयजीए बराचसा टिकतो. साखरेच्या माळांना काही होत नाही. मग असं दूध कितपत उपयोगी? याचं उत्तर दिल्लीतल्या डॉ. इंदिरा नारायणन यांच्या गटानं १९८४ मध्येच दिलं होतं. कमी वजनाच्या बाळांत संसर्ग: कच्चं मानवी दूध मिळालेल्यांत १०.५ टक्के, तापवलेलं मिळालेल्यांत १४.३, कच्चं आणि पावडर दोन्ही मिळालेल्यांत १६, तापवलेलं आणि पावडर मिळालेल्यांत ३३.३. हे आकडे मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहायचे. त्या रात्री ते माझ्या घरचे झाले. आईचं ताजं सगळ्यात वर, पण ते नसेल तर दुसऱ्या आईचं तापवलेलंही केवढं तरी सांभाळतं.

*

डर्बन, १९९९. एचआयव्ही असलेल्या आयांचा अभ्यास. तीन महिन्यांपर्यंत फक्त अंगावर पिणाऱ्यांत लागण १४.६ टक्के. अंगावरचं आणि वरचं, दोन्ही मिळालेल्यांत २४.१ टक्के. वरच्या पाण्यानं, पेजेनं अस्तर दुखावतं, मग विषाणूला फट सापडते, असं त्याचं एक स्पष्टीकरण. आता आयांना औषधं मिळतात, धोका फार खाली आलाय. पण "नुसतं पाणी पाजलं तर काय बिघडतं" असं कुणी म्हटलं की मला हे दोन आकडे आठवतात.

*

जिआर्डिया: पोटात मुरडा आणणारा एकपेशीय जीव. १९८३ मध्ये दिसलं की आईचं दूध त्याला मारतं, आणि तेही प्रतिपिंडांशिवाय. दुधातलं एक विकर चरबी तोडतं, सुटलेली आम्लं त्याला मारतात. एकच चरबी, बाळाला वजन आणि जिआर्डियाला मरण.

*

दुसरी बाजूही लिहून ठेवते. रोटाव्हायरसची आपली लस, पुण्याजवळच्या वढूत, दिल्लीत आणि वेल्लोरला ६,७९९ बाळांवर तपासली गेली. पहिल्या वर्षी रोटाच्या तीव्र जुलाबांपासून संरक्षण ५५ टक्क्यांच्या आसपास. श्रीमंत देशांत अशा लशी याहून बऱ्याच चांगल्या चालतात. एक तर्क होता की आपल्या आयांच्या दुधात रोटाचे प्रतिपिंड इतके जास्त की तोंडावाटे दिलेला लशीचा विषाणूही ते अडवत असतील. तुलनेत भारतातल्या बायांच्या दुधात ते खरोखरच जास्त निघाले. मग लशीच्या आगेमागे काही वेळ पाजणं थांबवून पाहिलं. फरक पडला नाही. तेव्हा लशीच्या दिवशी बाळाला खुशाल पाजावं.

*

शेजारच्या खाटेवरच्या मुलीला दूध आलंच नाही. औषधं झाली, अळिवाची खीर झाली, दोन बाळंतपणांचा अनुभव असलेल्या मावशींनी पाठ चोळून पाहिली. तिच्या सासूचे टोमणे मी ऐकले. ही वही तिच्या कानावर पडू नये असं मला वाटतं, निदान आत्ता नाही. तिच्या बाळाला वारेतून आयजीजी पूर्ण मिळालेत, ते पूर्ण दिवसांचं आहे. लशी मिळतील. उकळलेलं पाणी, स्वच्छ वाटी-चमचा, यांनी खूप काही राखता येतं. मी तिला एवढंच सांगितलं. ती उशीत तोंड घालून रडली, मग उठून तिनं वाटी उकळायला ठेवली.

*

अडतिसावा दिवस. वजन २ किलो १०० ग्रॅम. काल घरी आलो. चोखता येतं, अजून दमते मधेच.

सकाळी लेक शिंकली. नाक गळतंय, घसा खवखवतोय. घाबरून बाळाला माझ्या हातात दिलं. "आई, सर्दी झालीय मला. पाजू का नको?"

ऑस्ट्रेलियातल्या एका गटानं २०१३ मध्ये छापलेलं तिला सांगितलं. आई धडधाकट असताना पिकल्या दुधात संरक्षक पेशी अगदी थोड्या असतात. आईला संसर्ग झाला की त्या झपाट्यानं वाढतात, बाळ आजारी पडलं तरी वाढतात. तुझी लक्षणं दिसायच्या आधीच दोन दिवस हा विषाणू तुझ्यापाशी होता. बाळाला तो भेटायचा तर भेटलाच असेल. आता त्याच्याविरुद्धचं जे काही तयार होतंय ते तिच्यापर्यंत पोचायची वाट एकच आहे.

"रुमाल बांध नाकातोंडाला. हात धू. आणि घे तिला."

तिनं रुमाल बांधला, बाळ घेतलं. विहीणबाईंनी पदर सावरून दार लोटून घेतलं.